नवी वीजदर याचिका आणि आपल्या छतावरचे युनिट: हरकत नोंदवायची मुदत जवळ आली आहे

कृष्णाकाठ | 9 फेब्रुवारी 2025

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या छतावर सोलर आहे, ज्यांचा यंदा बसवायचा विचार आहे आणि ज्यांना छतच नाही अशांनीही वाचावा. दर सगळ्यांचेच ठरणार आहेत.

महावितरणने पुढच्या पाच वर्षांचे, म्हणजे 2025-26 ते 2029-30 चे, वीजदर ठरवून मिळावेत म्हणून राज्य वीज नियामक आयोगाकडे याचिका केली आहे. प्रकरण क्रमांक 217, साल 2024. जाहीर सूचना पेपरात येऊन गेली. बारीक टायपातली, तक्त्यांनी भरलेली. मी ती वाचली ती बाबांमुळे.

आमच्याकडे सांगलीला गेल्या मे महिन्यात 3 किलोवॅटचं सोलर बसलं. सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळालं, वरचे पैसे बाबांनी निवृत्तीच्या पुंजीतून घातले. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते जिन्याखाली मीटरपुढे स्टूल घेऊन बसतात. मीटरच्या पडद्यावर आकडे पाळीपाळीने सरकतात, त्यातले दोन टिपून घेतात. शंभर पानी वही, मधोमध पेन्सिलने आखलेली रेघ, डावीकडे 'घेतले', उजवीकडे 'दिले'. परवा त्यांनी पेपर माझ्यापुढे ठेवला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे 9 ते 5 काय आहे ते बघ."

ते बघायला गेलो आणि दोन रात्री त्यातच गेल्या. जे कळलं ते असं.

नेट मीटरिंगचा, म्हणजे छतावरून दिलेले युनिट आपल्या वापरातून वजा करून उरलेल्याचंच बिल करायचा, 2019 चा राज्याचा नियम आहे. त्यात एक कलम असं आहे की, ग्राहकाला वेळेनुसार दर, म्हणजे टीओडी, लागू असेल तर ज्या वेळेत त्याने वीज दिली त्याच वेळेतल्या वापरातून ती आधी वळती होईल. उरलेले युनिट 'स्वस्त वेळेत' दिले असं धरलं जाईल. नियम झाला तेव्हा स्वस्त वेळ रात्रीची होती, 10 ते 6. त्यामुळे दुपारचे जास्तीचे युनिट निदान रात्रीच्या वापरात तरी जिरत होते.

दुसरा कागद केंद्राचा. ग्राहक हक्क नियमांत जून 2023 मध्ये दुरुस्ती झाली. शेतीपंप सोडून बाकी सगळ्या ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पासून टीओडी लावायची, असं त्यात आहे.

तिसरा कागद ही याचिका. तिच्यात स्वस्त वेळ रात्रीवरून दिवसावर आणली आहे, सकाळी 9 ते संध्याकाळी 5. आणि 5 ते रात्री 12 महाग.

यातल्या एकाही कागदात 'नेट मीटरिंग बंद' असं लिहिलेलं नाही. पण तिन्ही एकावर एक ठेवून बघा. आमच्या घराचा आकडा देतो. महिन्याला साधारण 360 युनिट तयार होतात. घराला लागतात 330, त्यातले 90 ऊन असतानाच वापरले जातात. म्हणजे 270 आम्ही देतो आणि संध्याकाळी-रात्री 240 परत घेतो. आज 240 पूर्ण वळते होतात आणि वर 30 पुढच्या महिन्याला जातात. स्वस्त वेळ दिवसाची झाली आणि आम्हाला टीओडी लागली, की 270 दिवसाच्या खात्यात पडून राहणार आणि रात्रीच्या 240 चं बिल पूर्ण दराने येणार. पॅनेल तेच, ऊन तेच, वापर तोच.

दर वाढले तर माणूस कुरकुरतो आणि भरतो. पण पॅनेलला 25 वर्षांची हमी धरून लोकांनी पैसे घातलेत, आणि पहिल्या वर्षाच्या आतच हिशोबाची रीत बदलणार असेल तर ते मला मान्य नाही. नवा नियम करायचा तर नव्यांना करा, आधी सांगून करा.

हरकत नोंदवायला फार दिवस उरलेले नाहीत. मी नोंदवणार आहे. ज्यांना असल्या अर्जांचा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावं.

---

वसू_नाशिक | 9 फेब्रुवारी

बाप रे. आमच्या सोसायटीत पुढच्या रविवारी याच विषयावर सभा आहे, लिफ्ट आणि पंपासाठी 20 किलोवॅट घ्यायचं चाललंय. लिफ्ट दिवसा कमी आणि संध्याकाळी 6 नंतर सारखी वर-खाली. तुमचं गणित आम्हाला जास्तच लागू होईल. हे सभेत वाचून दाखवलं तर चालेल ना?

---

कृष्णाकाठ | 9 फेब्रुवारी

जरूर दाखवा. पण पॅनेल बसवू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, तेवढं सभेत सांगा. आधी हरकत नोंदवा, मग ठरवा.

---

भारप्रेषक | 10 फेब्रुवारी

मी कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्याची विजेची मागणी आणि पुरवठा सतत जुळवत ठेवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये, नोकरी केली, आता निवृत्त आहे. दुसरी बाजूही समोर यावी म्हणून लिहितो.

दुपारी 1 वाजता ग्रीडवर काय चालतं ते डोळ्यांपुढे आणा. राज्यभरातून सौर वीज येत असते. मग औष्णिक संचांना भार कमी करायला सांगावं लागतं. कोळशाचा संच म्हणजे दिवा नव्हे, बटण दाबलं आणि बंद झाला. साधारण 55 टक्क्यांच्या खाली नेला की बॉयलरमधली ज्वाला स्थिर ठेवणं अवघड होतं, तेल जाळावं लागतं. तो कसाबसा खाली धरून ठेवायचा आणि साडेपाचला ऊन उतरलं की तोच पळवत वर न्यायचा. नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, मिक्सर, गीझर, टीव्ही सुरू होतात. कंट्रोल रूममधला सगळ्यात ताणाचा काळ तो असतो. फोन एकही सेकंद खाली ठेवता येत नाही.

त्या दोन-तीन तासांत आमचा खरा आधार कोयना. 1960 मेगावॅट, आणि मागणी चढली की मिनिटांत वर येणारी. पण विजेसाठी पश्चिमेला सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने बांधून दिलेलं आहे, वर्षाला 67.5 टीएमसी. ते पुरवून पुरवून वापरावं लागतं. घाटघरचा पाणी वर चढवून साठवण्याचा प्रकल्प 250 मेगावॅटचा. राज्याच्या मानाने फारच लहान.

तेव्हा दुपारचं युनिट आणि रात्री 8 चं युनिट एकाच किमतीचं नाही, हे सत्य आहे. दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग ही दिशा बरोबरच आहे, पुढेमागे ती यायलाच हवी होती. कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा मला पटतो तो एवढाच, की आधी बसवलेल्यांना मधेच रीत बदलू नये. पण 'दुपारचं युनिट द्या आणि रात्रीचं तेवढंच घ्या' ही सोय कायम कुणाला देता येणार नाही. बॅटऱ्या आल्या, साठवण वाढली, की प्रश्न सुटेल. तोवर कुणीतरी तो खर्च सोसतंय.

---

चाळकरी | 10 फेब्रुवारी

भारप्रेषक साहेब शेवटी जे म्हणाले त्यावरच बोलतो. तो 'कुणीतरी' म्हणजे मी.

डोंबिवलीत एका खोलीत राहतो, महिन्याला 90 युनिट. छत माझं नाही, गच्चीवर टाक्या आहेत. तुम्ही दुपारी वीज देता आणि रात्री घेता, म्हणजे ग्रीड ही तुमची बॅटरी झाली. तिचं भाडं कोण देतं? तारा, रोहित्रं, रात्री चालणारा कोळशाचा संच, याचा खर्च शेवटी सगळ्या बिलांवर वाटला जातो. तुमचं बिल शून्यावर आलं की तो वाटा उरलेल्यांकडे सरकतो. मला सौर ऊर्जेबद्दल आकस नाही, हवीच आहे. पण हरकतीच्या अर्जात आमचंही म्हणणं यायला हवं.

---

कृष्णाकाठ | 10 फेब्रुवारी

चाळकरी दादा, बरोबर बोललात, मला याचं उत्तर द्यावंच लागेल.

2019 च्या नियमात याची सोय आहे. राज्यात छतावरची एकूण क्षमता 5,000 मेगावॅट होईपर्यंत ग्रीडच्या आधाराचं शुल्क लावायचं नाही, पुढे आयोग ठरवेल, असं त्यात आहे. म्हणजे भाडं द्यावं लागेल हे पहिल्यापासून लिहिलेलंच आहे. ते उघडपणे, आकडा ठरवून लावलं तर मी भरेन. माझा विरोध मागच्या दाराने हिशोब बदलण्याला आहे. तुमचा मुद्दा माझ्या अर्जात वेगळा परिच्छेद करून घालतो, आधी इथे दाखवतो, तुम्ही दुरुस्त करा.

---

सातपूर_लेथ | 11 फेब्रुवारी

छोट्या कारखानदाराचं कुणीतरी लिहा. आम्हाला टीओडी वर्षानुवर्षं आहे. सकाळी 9 ते 12 युनिटमागे 80 पैसे जादा, संध्याकाळी 6 ते 10 ला 1 रुपया 10 पैसे जादा, आणि रात्री 10 ते सकाळी 6 दीड रुपया सूट. त्या दीड रुपयासाठी आम्ही रात्रपाळी सुरू केली. माणसं शोधली, त्यांच्या चहाची, परतीच्या गाडीची सोय केली. आता म्हणणार की सूट दिवसा. आमची दुसरी पाळी 4 ते 12. म्हणजे जवळजवळ अख्खी पाळी महाग वेळेत.

माझ्याकडे चार माणसं आणि तीन लेथ आहेत. मोठा कारखाना पाळ्या फिरवू शकतो, मी जॉबवर्कवाला, माल संध्याकाळी येतो आणि सकाळी द्यायचा असतो.

---

कोरडवाहू | 11 फेब्रुवारी

वैजापूर तालुका. शेतकऱ्याच्या बाजूने दोन शब्द.

दिवसा वीज स्वस्त आहे, जास्त आहे, हे वाचून आम्हाला बरंच वाटतं. इतकी वर्षं आमचं तीन फेजचं वेळापत्रक आठवड्याआड रात्रीचं. रात्री 2 ला बारे द्यायला जायचं, हातात बॅटरी, पायात गमबूट, विंचू-सापाची भीती आणि आता बिबट्याची. माझ्या चुलत्यांना असंच पाणी देताना फुरसं चावलं, वाचले पण पाय अजून धड नाही.

आमच्या तालुक्यातच धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा 3 मेगावॅटचा प्रकल्प गेल्या वर्षी सुरू झाला. त्या फिडरवरच्या गावांना दिवसा वीज मिळते. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. हे सगळीकडे झालं तर दुपारची तुमची जास्तीची वीज आमच्या विहिरींवर खपेल. दुपारी वीज जास्त होते हा प्रश्न शहरातून बघितला की प्रश्न वाटतो. आमच्याकडून बघा, ते उत्तर आहे.

---

भारप्रेषक | 11 फेब्रुवारी

कोरडवाहू, शंभर टक्के. शेतीचा भार दिवसावर आणणं हे महाराष्ट्राने ग्रीडसाठी केलेलं मोठं काम ठरेल, पूर्ण झालं तर.

---

ग्राहकसखी | 12 फेब्रुवारी

पुण्यात ग्राहक चळवळीत बरीच वर्षं काम करते. हरकतीबद्दल विचारलंत म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. ही सुनावणी म्हणजे कुणी केलेली मेहरबानी नाही. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 64 मध्ये स्पष्ट आहे की लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच दर ठरवायचे, आणि अर्ज आल्यापासून 120 दिवसांत निर्णय द्यायचा. दाभोळचा एन्रॉनचा करार झाला तेव्हा राज्यात नियामक आयोग नव्हता. करार बंद दाराआड झाला, किती महाग पडला ते पुढे सगळ्यांनी बघितलं. आपला आयोग 1999 मध्ये आला. आज कुणीही ग्राहक उभा राहून 'या खर्चाचा हिशोब दाखवा' म्हणू शकतो, ते त्यामुळे.

अर्जाला वकील लागत नाही. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि प्रकरण क्रमांक वर लिहा. मग याचिकेतल्या कोणत्या पानावर, कोणत्या मुद्द्यावर हरकत आहे ते. 'दरवाढ अन्यायकारक आहे' असं मोघम लिहिलेले अर्ज गठ्ठ्याने येतात आणि आदेशात त्यांना एका ओळीत उत्तर मिळतं. त्याऐवजी बाबांच्या वहीचा एक महिना जोडा. 240 आणि 270 चा हिशोब जोडा. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं. आणि शेवटी नेमकी मागणी: आयोगाने काय करावं, कोणतं वाक्य बदलावं. 'सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचं आहे' हे लिहायला विसरू नका. प्रत याचिकाकर्त्यालाही द्यायची असते.

मराठीत लिहा. आयोगापुढे मराठी चालतं, सुनावणीतही निम्म्याहून जास्त लोक मराठीतच बोलतात.

आणि चाळकरींना: तुम्ही स्वतंत्र अर्ज करा. कृष्णाकाठ यांच्या अर्जातला परिच्छेद होऊन राहू नका. 100 युनिटच्या आतल्या ग्राहकाच्या बाजूने लिहिणारे फार कमी असतात.

---

पॅसिफिककाठी | 13 फेब्रुवारी

कॅलिफोर्नियातून लिहितेय. इथे आम्ही याच रस्त्याने दोन वर्षांपूर्वी गेलोय म्हणून राहवलं नाही.

इथेही दुपारी ढीगभर सौर वीज आणि संध्याकाळी 4 ते 9 महाग. डिसेंबर 2022 मध्ये इथल्या आयोगाने नेट मीटरिंगचा नियम बदलला. छतावरून दिलेल्या युनिटची किंमत सुमारे 75 टक्क्यांनी खाली आली. नवीन पॅनेल बसवणं एकदम थंडावलं, बसवणाऱ्या बऱ्याच छोट्या कंपन्या बुडाल्या. आता जो बसवतो तो बॅटरीसकट बसवतो.

पण दोन गोष्टी केल्या. नवा नियम एप्रिल 2023 च्या मध्यानंतर अर्ज करणाऱ्यांनाच, म्हणजे चार महिने आधी सांगून. आणि आधीच्यांना जोडणीच्या दिवसापासून 20 वर्षं जुनाच नियम. आमचं 2019 चं आहे, आम्हाला 2039 पर्यंत काळजी नाही. हे उदाहरण अर्जात घाला.

---

कृष्णाकाठ | 14 फेब्रुवारी

ताई, घातलं. अर्ज आज गेला. एकूण चार पानं, त्यातलं दीड पान बाबांच्या वहीचं. धाग्यावरच्या अकरा जणांनी आपापले अर्ज पाठवल्याचं मला कळवलंय. चाळकरींचा अर्ज मी वाचला, माझ्यापेक्षा चांगला आहे.

---

कृष्णाकाठ | 6 मार्च

पुण्याच्या सुनावणीला जाऊन आलो. सकाळच्या पहिल्या गाडीने बाबांना घेऊन गेलो.

सभागृह भरलं होतं. यंत्रमागवाले, शीतगृहवाले, सोसायट्यांचे सचिव, सोलर बसवणारी तरुण मुलं. नाव पुकारलं की उठायचं, माइक हातात येतो. माझी पाच मिनिटं मी बाबांना दिली. ते वही उघडून जानेवारीचे आकडे एकेक करून वाचायला लागले. सभागृहात चुळबुळ सुरू झाली, मला वाटलं आता थांबवतील. थांबवलं नाही. वाचून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला दर कमी नको, मला बसवताना सांगितलेला हिशोब पाहिजे." मागून टाळ्या आल्या.

आयोगाचे लोक प्रत्येक बोलणाऱ्याचं म्हणणं टिपून घेत होते. निकाल काय लागेल माहीत नाही.

---

वसू_नाशिक | 29 मार्च

आदेश आला! काल, 28 मार्चला. 1 एप्रिलपासून सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास दरकपात. वीजदराच्या याचिकेवर कपात, पहिल्यांदाच असं वाचतेय.

---

ग्राहकसखी | 3 एप्रिल

थांबा. कालच आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. महावितरणने आदेशात चुका असल्याचं सांगून पुनर्विलोकन मागायचं ठरवलंय. तोवर जुनेच दर. पुनर्विलोकन मागायचा हक्क कायद्यात आहे, तो मी नाकारत नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये एवढ्या लोकांनी कामधंदा सोडून म्हणणं मांडलं, त्यावर दिलेला आदेश जेमतेम पाच दिवस टिकला, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

---

सातपूर_लेथ | 27 जून

परवा, 25 जूनला पुनर्विलोकनाचा आदेश झाला, दर 1 जुलैपासून. पहिल्या वर्षी 10 आणि पाच वर्षांत 26 टक्के कपात असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलंय. घरगुती ग्राहकाकडे टीओडी मीटर असेल तर 9 ते 5 च्या वापरावर युनिटला 80 पैसे सूट.

आमचं मात्र 5 ते 12 महागच राहिलं. पाळी फिरवायचा प्रयत्न करतोय, दोघं जण सकाळी 7 ला यायला तयार झालेत, एकाची बायको सकाळपाळीला असते, त्याला मुलांना शाळेत सोडायचं असतं. त्याचं काय करायचं ते ठरत नाही.

---

ग्राहकसखी | 28 जून

एक मुद्दा सोडून द्यायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये विभागवार जाहीर सुनावण्या झाल्या होत्या. पुनर्विलोकनात तशा झाल्या नाहीत. मार्चच्या आदेशातले आकडे बदलणार होते तर ज्यांना ते लागू होणार त्यांना पुन्हा बोलवायला हवं होतं. या मुद्द्यावर पुढे जायचं असेल तर दाद मागायला जागा आहेत. कलम 111 खाली दिल्लीच्या अपिली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. एकट्याने परवडत नाही, संघटनांनी मिळून जावं.

---

कृष्णाकाठ | 10 ऑगस्ट

जुलैचं बिल हातात आहे. पावसामुळे पॅनेलवर फार कमी झालं, 204 च युनिट. पण दिवसाचे रात्रीत वळते झालेत, पूर्वीसारखेच. घरगुती छतांपुरती आपली भीती या घडीला टळली आहे. उद्योगांची टळलेली नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो, कारण सातपूर_लेथ यांनी आपल्यासाठी अर्जात दोन ओळी लिहिल्या होत्या.

---

चाळकरी | 10 ऑगस्ट

अभिनंदन. ते 80 पैसे आमच्या कामाचे नाहीत, दिवसभर खोलीला कुलूप असतं. पण माझी बायको पीठ गिरणीचं घरगुती यंत्र घ्यायचं म्हणते, दुपारच्या सुट्टीत येऊन चालवता येईल. टीओडी मीटर मागितला तर नंतर संध्याकाळच्या वापरावर जादा आकार लागेल का? अर्ज करण्याआधी विचारतोय.

---

ग्राहकसखी | 11 ऑगस्ट

विचारलंत ते बरं केलंत. आत्ताच्या आदेशात घरगुतीसाठी सूट आहे. पुढच्या वर्षांचे तक्ते आदेशाच्या शेवटी आहेत, ते वर्षवार बघूनच अर्ज करा. मी तुमच्या गटाची पानं काढून व्यक्तिगत निरोपात पाठवते.

---

कृष्णाकाठ | 11 ऑगस्ट

मलाही पाठवा. बाबांनी वहीत उजव्या बाजूला तिसरा रकाना आखलाय, '9 ते 5'. आमच्या मीटरवर तो आकडा वेगळा दिसत नाही, म्हणून सकाळी 9 ला एकदा आणि संध्याकाळी 5 ला एकदा असे दोनदा जिन्याखाली जातात.